इसानमधल्या लग्नात वरमाईने कुठे उभे राहावे?

पत्र : माझे वय ६१ आहे. नऊ वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. एकुलता एक मुलगा बँकॉकमध्ये नोकरी करतो आणि येत्या फेब्रुवारीत त्याचे लग्न त्याच्या सहकारी मुलीशी, खोन केन प्रांतातल्या तिच्या गावी, तिच्या घरच्या रीतीने होणार आहे. मुलगी दोनदा आमच्या घरी राहून गेली आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण मुलगा सांगतो की मुलीच्या आईवडिलांना दोन लाख बाट आणि तीन बाट वजनाचे सोने द्यायचे आहे आणि ते सर्वांसमोर मांडून मोजले जाते. माझे धाकटे दीर म्हणतात, “आपण मुलाकडचे असून आपणच पैसे मोजायचे? हा उलटा हुंडा झाला, मी येणार नाही.” मी माळकरी आहे, त्यामुळे खाण्यापिण्याची चिंता आहे. तिथे सुनेच्या गळ्यात मंगळसूत्र घालता येईल का, हेही कळत नाही. आणि मनातले विचारायचे तर हे, की मी विधवा आहे. तिथल्या मांडवात मी पुढे उभी राहिले तर चालेल, की दिरांना आणि जाऊबाईंना पुढे करून मी मागे बसावे?
— एक वरमाय, कराड

आदरणीय ताई,

आपण जो प्रश्न सर्वांत शेवटी आणि थोडा चाचरत विचारला आहे, त्याचेच उत्तर आधी देते. आपण मागे बसायचे नाही. आपण मागे बसलात तर त्या घरातल्या मंडळींना आपले काही बिनसले आहे असे वाटेल आणि मुलाची आई नाराज का आहे याची कुजबुज स्वयंपाकाच्या चुलीपर्यंत जाईल.

थायलंडचा ईशान्य भाग, ज्याला तिकडे इसान म्हणतात आणि ज्यात खोन केन येते, तिथल्या लग्नाचा गाभा म्हणजे ‘बाय सी सू ख्वान’ हा विधी. माणसाच्या देहात ‘ख्वान’ नावाची प्राणतत्त्वे असतात, त्यांची संख्या बत्तीस असते आणि भीती, आजारपण, लांबचा प्रवास किंवा आयुष्यातला मोठा बदल यांमुळे ती देह सोडून भरकटतात, अशी तिथली जुनी समजूत आहे. म्हणून लग्नाच्या दिवशी केळीच्या पानांच्या गुंडाळ्या एकावर एक रचून केलेला, फुलांनी सजवलेला शंकूच्या आकाराचा ‘फा ख्वान’ मध्यभागी ठेवतात, वधूवर त्याच्या समोर बसतात आणि गावातला जाणता वृद्ध लयबद्ध आवाजात ख्वानांना परत बोलावतो. “मा द ख्वान ओय”, म्हणजे “ये गं ख्वान, ये”, असे पालुपद त्यात वारंवार येते आणि भोवतीची माणसे त्याला साथ देतात. मग परत आलेली ख्वाने पुन्हा निसटू नयेत म्हणून वडीलधारी मंडळी एकेक करून वधूवरांच्या मनगटावर पांढऱ्या सुताचा धागा बांधतात. हे धागे बांधणाऱ्यांत आईवडिलांचा मान पहिला असतो. मी ज्या लग्नाला गेले होते तिथे धागा बांधायला सर्वांच्या आधी सरकून पुढे आली ती वधूची आजी होती आणि तिचा नवरा जाऊन वीस वर्षे झाली होती. कोणी तिला मागे ओढले नाही, तिच्या मनात तसे काही आलेही नसावे.

इथे आपल्याला सर्व खरे सांगितले पाहिजे, नाहीतर ऐनवेळी मनाला लागेल. नवऱ्याबायकोची जोडी लागतेच अशी काही कामे तिथेही आहेत. लग्नाच्या शेवटी वधूवरांची शय्या घालण्याचा विधी असतो आणि तो दीर्घकाळ एकत्र सुखाने नांदलेल्या, दोघेही हयात असलेल्या जोडप्याच्या हातून करवून घेतात. ते जोडपे आधी स्वतः त्या अंथरुणावर क्षणभर आडवे होते, शुभ बोलते आणि मगच वधूवरांना तिथे बसवतात. वरातीतले मुख्य तबक कोणी धरायचे याबाबतही काही गावांत असाच संकेत पाळतात. ही कामे आपल्याकडे आली नाहीत तर तो आपला अपमान समजू नका. उलट, शय्येच्या विधीसाठी दीर आणि जाऊबाईंची नावे मुलाकरवी आधीच सुचवून ठेवा, म्हणजे रुसलेल्या दिरांना तिथे एक हक्काचे काम मिळेल. हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ साली विधवांच्या बाबतीतल्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा कोल्हापूर-सातारा भागात केवढी चर्चा झाली होती, ते आपल्याला आठवत असेल. इसानच्या त्या अंगणात निदान धाग्यापुरता तरी असा ठराव करण्याची कोणाला गरज वाटणार नाही.

आता पैशांकडे वळते, कारण घरातला खरा तंटा तोच आहे.

वराकडून वधूच्या आईवडिलांना दिल्या जाणाऱ्या या रकमेला थाई भाषेत ‘सिन सोत’ आणि इसानच्या बोलीत ‘खा दोंग’ म्हणतात. तिला ‘खा नाम नोम’ असेही एक नाव आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘दुधाचे मोल’ असा होतो, म्हणजे ज्या आईने अंगावर पाजून मुलगी वाढवली तिच्याविषयीची कृतज्ञता. ही केवळ गावगाड्यातली रीत नाही. थायलंडच्या नागरी व व्यापारी संहितेच्या कलम १४३७ मध्ये सिन सोताची व्याख्या दिलेली आहे आणि मुलीकडच्या कारणाने लग्न मोडल्यास ती रक्कम परत मागता येते, असेही त्यात म्हटले आहे. दिरांनी तिला उलटा हुंडा म्हटले ते एका अर्थी स्वाभाविक आहे, पण त्यासाठी आपल्याकडे एक जुना आणि अधिक नेमका शब्द आहे : देज. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत, विशेषतः आदिवासी समाजांत, वरपक्षाने वधूच्या घरी देज देण्याची चाल होती आणि काही ठिकाणी अजून आहे. हुंड्यात मुलगी देणारा बाप वाकतो आणि देजात मुलगी नेणारा वाकतो, एवढा फरक ध्यानात घेतला तर दिरांच्या रागाचे मूळही सापडते. त्यांना पैशांपेक्षा वाकणे नको आहे.

इसानमध्ये या वाकण्यामागे आणखी एक कारण आहे. तिकडे परंपरेने मुलगी सासरी जात नाही, जावई मुलीच्या घरी राहायला येतो, तिच्या आईवडिलांच्या शेतात राबतो आणि बहुधा धाकटी मुलगी म्हाताऱ्या आईबापांना सांभाळून राहते घर पुढे चालवते. आपल्याकडे ‘घरजावई’ हा शब्द उच्चारताना जो टोमणा आपोआप येतो, तो तिकडे नाही. आपला मुलगा आणि सून बँकॉकमध्येच राहणार असल्याने हा प्रश्न त्यांच्यापुरता उरलेला नाही, पण विधींची रचना अजून त्याच जुन्या चालीवर उभी आहे : वराकडचे लोक मिरवत येतात, दारात थांबतात, विनंती करतात आणि मगच आत घेतले जातात.

सिन सोत निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. रकमेवरून गावात प्रतिष्ठा मोजली जाते, तरुण मुले त्यासाठी कर्ज काढतात आणि केवळ मांडून दाखवण्यापुरते पैसे उसने आणण्याचे प्रकारही होतात. दुसऱ्या बाजूला, अनेक कुटुंबे विधी आटोपल्यावर ही रक्कम पूर्ण किंवा अंशतः नवदांपत्याला परत देतात. आपल्या बाबतीत काय होणार आहे, हे मुलाला आत्ताच, शांतपणे आणि मध्यस्थामार्फत स्पष्ट करून घ्यायला सांगा. तिकडे या मध्यस्थाला ‘थाओ के’ म्हणतात आणि मागणी घालण्यापासून लग्नाच्या दिवशी वराकडून बोलण्यापर्यंतचे काम तो वडीलधारा माणूस करतो. एकदा आकडा ठरला की त्यावर लग्नाच्या दिवशी एक शब्दही काढायचा नाही. आपल्याकडे मांडवात मानपानावरून ऐनवेळी जे ताणतात, तसे तिथे केले तर वधूच्या आईची साऱ्या गावासमोर शोभा होईल आणि ती जखम भरायची नाही.

सोन्याविषयी एक व्यावहारिक सूचना करते. ‘बाट’ हे तिकडे चलनाचे नाव आहे तसेच सोन्याच्या वजनाचेही आहे, आणि दागिन्याच्या बाबतीत एक बाट म्हणजे १५.१६ ग्रॅम. म्हणजे तीन बाट सोने सुमारे साडेपंचेचाळीस ग्रॅम, आपल्या आजच्या हिशेबाने साडेचार तोळ्यांहून थोडे अधिक. तिकडच्या सोन्याची शुद्धता ९६.५ टक्के असते, तर आपला बावीस कॅरेटचा दागिना सुमारे ९१.६ टक्क्यांचा असतो. त्यामुळे कराडहून मोहनमाळ किंवा पाटल्या नेऊन त्या सिन सोतात मांडू नका, कारण तिथल्या पाहुण्यांना त्यांचे वजन आणि कस यांचा अंदाज येणार नाही आणि हिशेबाबद्दल नसता गोंधळ होईल. ठरलेले सोने मुलाने तिकडच्याच सराफाकडून साध्या साखळ्यांच्या रूपात घ्यावे. घरातली ठुशी किंवा बांगड्या सुनेला आपण वेगळ्या, मायेने द्याव्यात.

मोजणीचा प्रसंग आपण समजता तितका रुक्ष नसतो. सतरंजीवर कापड पसरून त्यावर नोटा आणि सोने मांडतात, दोन्ही घरची वडील माणसे ते पाहतात आणि मग त्यावर तांदूळ, तीळ, कडधान्य, फुलांच्या पाकळ्या टाकतात, की बी रुजावे तसा हा पैसा रुजावा. ठरलेल्या रकमेपेक्षा थोड्या नोटा जास्त ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे मोजताना धन ‘वाढलेले’ निघते आणि सगळे हसून टाळ्या पिटतात. तेव्हा चार जादा नोटा आपण स्वतः पदरच्या घालाव्यात. शेवटी वधूची आई ते सगळे कापडात बांधून गाठोडे खांद्यावर घेते आणि ओझ्याने जणू कंबर मोडते आहे असा अभिनय करत आत जाते. दिरांना हे आधी सांगून ठेवा. नाहीतर त्यांना ती हाव वाटेल आणि भोवतालचे लोक मात्र तिच्या नकलेला दाद देत असतील.

लग्नाचा दिवस आपल्या कल्पनेपेक्षा फार लवकर सुरू होतो. पहाटे अंधारातच ध्वनिक्षेपकावर गाणी लागतात. खरे तर लगबग आदल्या दिवशीच सुरू झालेली असते. त्या दिवसाला थाई भाषेत ‘सुक दिप’, म्हणजे ‘शिजल्या-कच्च्याचा दिवस’ असे गमतीदार नाव आहे, कारण शेजारपाजारच्या बाया चिरायला-शिजवायला जमतात आणि अर्धे अन्न चुलीवर तर अर्धे परातीत असते. त्या दिवशी आपण चिरायला बसलात तर भाषा न येताही निम्मे नाते तिथेच जुळेल. मांसाच्या परातींपासून दूर, केळीची पाने पुसण्याचे आणि गुंडाळ्या करण्याचे काम मागून घ्या.

सकाळी बहुधा भिक्खू येतात, मंगलकार्यात नऊ भिक्खूंची संख्या चांगली मानतात. ते पाली सुत्तांचे पठण करतात, दान स्वीकारतात आणि मध्याह्नापूर्वी भोजन करतात, कारण मध्याह्नानंतर त्यांना अन्न घेता येत नाही. लग्न ते लावत नाहीत. घराण्याला पुण्य लाभावे एवढ्यासाठी त्यांचे येणे असते. स्त्रीने भिक्खूला स्पर्श करायचा नाही आणि वस्तू थेट त्याच्या हातात द्यायची नाही. तो समोर कापड पसरतो, त्यावर ठेवायची. नमस्कार केल्यावर तो उलट नमस्कार करणार नाही, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. जमिनीवर बसताना पाय एका बाजूला दुमडून बसतात आणि भिक्खू, बुद्धमूर्ती किंवा वडीलधाऱ्यांकडे तळवे करत नाहीत. गुडघे दुखत असतील तर निःसंकोच खुर्ची मागा, वयस्कर माणसाला ती आनंदाने देतात.

त्यानंतर वरात. तिला ‘खान माक’ म्हणतात. ‘माक’ म्हणजे सुपारी, आणि विडा-सुपारीची तबके हा मुळात या मिरवणुकीचा आत्मा आहे. पुढे लांब गळ्याचे ढोल, नाचणाऱ्या बाया, मग थाओ के, हातात फुले घेतलेला वर, मागे उसाची आणि केळीची रोपे, फळे आणि मिठाईची ताटे, असा तो थाट असतो. कोणीतरी लांबलचक “होऽऽ” असा पुकारा करतो आणि सगळे “हिऊऽ” म्हणून झेलतात. ही वेळ अनेकदा नऊ वाजून नऊ मिनिटांची धरतात, कारण थाई भाषेत ‘नऊ’ आणि ‘पुढे जाणे’ यांचा उच्चार सारखाच आहे. आपल्याकडची मंडळी इथे मनसोक्त नाचली तरी चालेल. दिरांना थाओ केच्या शेजारी, अगदी पुढच्या रांगेत चालवा. बोलायचे काम थाई बोलणारा एखादा ज्येष्ठ सहकारी करील, दिरांनी फक्त कुटुंबप्रमुखाच्या जागी दिसायचे आहे, आणि माझा अंदाज असा की त्यांना तेवढेच हवे आहे.

वधूच्या अंगणात शिरताना तिच्या बहिणी आणि मैत्रिणी साखळ्या किंवा कमरपट्टे आडवे धरून वाट अडवतात. चांदीचे दार, सोन्याचे दार अशी त्यांना नावे असतात आणि प्रत्येक दारावर पाकीट दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या कानपिळीचा हा लांबवलेला, आरडाओरड्याचा अवतार समजा. वीस, पन्नास आणि शंभर बाटांची पंचवीस-तीस लहान पाकिटे करून मुलाच्या मित्राजवळ द्या, शेवटच्या दाराला सर्वांत मोठे राखून ठेवा. पायऱ्यांपाशी केळीच्या पानाने झाकलेल्या दगडावर मुलाला उभे करून वधूकडचे एखादे धाकटे भावंड त्याचे पाय धुईल, त्यालाही पाकीट द्यायचे. हे दृश्य पाहताच आपल्या मंडळींच्या मनात वरपूजा येईल आणि मुलीच्या बापाने पाय धुवावेत अशी अपेक्षा कोणाच्या तरी तोंडून निसटेल. ती निसटू देऊ नका.

या लग्नात आपल्याला खरी अडचण परकेपणाची नाही, ओळखीची येणार आहे. लग्नाला तिकडे ‘मोङ्खोन सोमरोत’ म्हणतात, त्यात ‘मंगल’ आणि ‘समरस’ दडलेले आहेत. विधीला ‘फिथी’, मुहूर्ताला ‘रर्क’, म्हणजे आपले ऋक्ष, नक्षत्र. ख्वान बोलावणाऱ्या वृद्धाला ‘फ्राम’ म्हणतात आणि तो शब्द ब्राह्मणावरून आलेला आहे, मात्र तो जातीने कोणी नसतो, बहुधा पूर्वी काही काळ भिक्खू राहिलेला शेतकरी असतो. वधूवरांच्या हातांवर वडीलधारे शंखातून पाणी ओततात, मूळचा मध्य थायलंडचा हा विधी आता इसानच्या खेड्यांतही बरेचजण करतात. वर्षावासाच्या तीन महिन्यांत, म्हणजे आषाढ पौर्णिमेनंतर आश्विनापर्यंत, सहसा लग्ने धरत नाहीत, जसे आपल्याकडे चातुर्मासात धरत नाहीत. हे सगळे पाहून “अहो, हे तर आपलेच!” असे म्हणण्याचा मोह होतो. मीही म्हटले होते, आणि माझ्या यजमानीणबाई सौजन्याने हसल्या होत्या. पण शंख आपला वाटला म्हणून तो घेऊन फुंकायचा नसतो, आणि ख्वान म्हणजे आत्मा असे दिरांनी कोणाला समजावून सांगायचे नसते. ते त्यांचे आहे आणि त्यांच्या अर्थाने आहे.

मंगळसूत्राचे मात्र छान जमण्यासारखे आहे. सिन सोताची मोजणी झाली की वर वधूला अंगठी आणि सोन्याचा हार घालतो. तिथेच, त्याच ओघात, मुलाने मंगळसूत्र घालावे, वेगळा विधी मध्येच उभा करावा लागणार नाही. फक्त त्याआधी एक काळजी घ्या. काळा रंग तिकडे शोकाचा मानतात. शुभप्रसंगी गळ्यात काळे मणी पाहून वधूची आई किंवा आजी दचकू शकते. म्हणून मुलाने त्यांना काही दिवस आधी मंगळसूत्र दाखवून, हे काळे मणी आमच्याकडे सौभाग्याचे असतात, हे समजावून सांगितले पाहिजे. सप्तपदी, सूनमुख, पाठराखण हे सारे कराडच्या स्वागतसमारंभासाठी राखून ठेवा.

त्याच कारणाने चंद्रकळा नेसू नका, ती कितीही आवडती असली तरी. पूर्ण पांढरे पातळही टाळा. बाकी कोणताही उजळ रंग चालेल, भिक्खूंसमोर खांदे झाकलेले असावेत म्हणजे झाले. वधूच्या आईसाठी भेट काय न्यावी हे आपण विचारलेले नाही, पण मी सुचवते : एक चांगली इरकल किंवा पैठणी न्या. खोन केन प्रांतातले चोन्नबोत हे ‘मदमी’ रेशमासाठी नावाजलेले आहे. बाण्याचे सूत विणण्याआधीच बांधून रंगवायचे आणि मग मागावर नक्षी उमटवायची, असे ते काम आहे. त्या भागातल्या बाईला काठ-पदराची भाषा समजावून सांगावी लागत नाही.

आणि आपल्यालाही भेट मिळेल. इसानमध्ये ‘सोम्मा’ नावाचा भाग असतो, त्यात वधू वराच्या वडीलधाऱ्यांपुढे नम्र होऊन उशी, गादी, कापड अशा वस्तू अर्पण करते. पूर्वी त्या तिने स्वतः विणलेल्या आणि शिवलेल्या असत. त्या वेळी आपल्याकडची सवय म्हणून “अगं, हे कशाला?” असे म्हणून हात मागे घेऊ नका. घ्यायचे, आशीर्वाद द्यायचा आणि पाकिटात थोडे पैसे परत द्यायचे. ही वस्तू घेताना आपण एकट्या असाल. यजमानांच्या नावाची वस्तू शेजारी ठेवायची का, असे घरचे कदाचित विचारतील. काय हवे ते मनाशी आधीच ठरवून ठेवा, म्हणजे त्या क्षणी गोंधळायला होणार नाही.

खाण्याचे थोडक्यात सांगते. इसानचा मुख्य आहार चिकट भात, तो बांबूच्या लहान टोपलीत येतो आणि हाताने गोळा करून खातात, तेवढे आपल्याला परके वाटणार नाही. पण लाप हे खिम्यासारखे मांस, कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत मुरवलेल्या माशांचा खार आणि जवळजवळ प्रत्येक भाजीत माशांचे पाणी, हे सगळे असणारच. शाकाहाराला तिकडे ‘मांग्सविरात’ असा शब्द आहे, आणि तो मांस-विरतीवरूनच आला आहे, पण त्यात अंडे चालते. आपण ‘जे’ हा शब्द वापरा. त्यात मांस, मासे, अंडी, इतकेच नव्हे तर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. तरीही लग्नाच्या गर्दीत आचाऱ्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका : दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू सोबत असू द्या. सोन्याच्या रंगाच्या तारा आणि थेंब दिसणाऱ्या मिठाया अंड्याच्या बलकाच्या असतात, त्या टाळा. केळीच्या पानात जोडीने बांधलेला, नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आत केळे, हा ‘खाओ तोम मात’ मात्र निश्चिंतपणे मागून खा. जोडीने बांधतात म्हणून तो पतिपत्नीच्या नात्याचे प्रतीकही मानतात. धागा बांधताना कोणी तळहातावर उकडलेले अंडे ठेवले तर फक्त धरून ठेवा, खायची सक्ती नसते. तांदळाच्या दारूचा पेला पुढे आला तर हात जोडून, हसून नकार द्या. माळकऱ्याला जे समजते ते तिथल्या उपोसथ, म्हणजे बौद्ध व्रताचे दिवस, पाळणाऱ्या म्हाताऱ्यांनाही समजते. दिरांसाठी वेगळी सूचना : कच्च्या मांसाचा लाप आणि गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशांचा कोई, कोणी कितीही आग्रह केला तरी खाऊ नये. त्या माशांतून यकृतात शिरणारे कृमी हे इसानमधल्या पित्तनलिकेच्या कर्करोगाचे मोठे कारण आहे.

अहेराची तिकडची पद्धत आपल्यासारखीच आहे. पत्रिका ज्या पाकिटातून येते त्यातच पैसे घालून, वर नाव लिहून ते पेटीत टाकतात, आणि खेड्यात त्याची वही ठेवतात, कारण उद्या समोरच्याच्या कार्यात तेवढेच परत करायचे असते. भारतातून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हजार बाट घातले तर ते शोभेल असे मला वाटते. त्याहून फार जास्त घालून परतफेडीचे ओझे टाकू नये. पत्रिकेवरचे साल आपल्यापेक्षा ५४३ वर्षांनी पुढचे दिसेल, ते बुद्धाब्द आहे, छापण्याची चूक नव्हे.

दोन कागदी गोष्टी मुलाच्या कानावर घाला. परदेशी पाहुणा घरात मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत घरमालकाने त्याची नोंद इमिग्रेशनकडे करायची असते. आपण वधूच्या घरी राहणार असाल तर सगळ्यांच्या पासपोर्टच्या प्रती आधीच पाठवा. आणि गावातला हा सगळा सोहळा कायद्याने लग्न ठरत नाही. तालुक्यासारख्या ‘अम्फे’ कार्यालयात नोंदणी झाल्यावरच ते ठरते आणि त्यासाठी मुलाला भारतीय दूतावासाचा दाखला, त्याचे थाई भाषांतर आणि परराष्ट्र खात्याचे प्रमाणीकरण लागेल.

दिरांना पत्र दाखवायचे की नाही हे आपण ठरवा. मी आपल्या जागी असते तर वाद न घालता त्यांच्यापुढे दोन कामे ठेवली असती, वरातीत पुढे चालण्याचे आणि शय्या घालण्याचे, आणि म्हटले असते की ह्यांच्या जागी आता तुम्हीच आहात, तिकिटे कधीची काढायची तेवढे सांगा.

आता धाग्याची रीत, कारण ती आपल्या हातून व्हायची आहे. सूत दोन्ही हातांत ताणून धरायचे, आधी मुलाच्या मनगटावरून बोटांकडे हलकेच फिरवायचे, म्हणजे वाईट बाहेर जाते, मग उलट आत आणायचे, म्हणजे चांगले आत येते, आणि गाठ मारायची. तोंडाने आशीर्वाद कोणत्याही भाषेत चालतो, “सुखाने नांदा” हे पुरेसे आहे. नंतर सुनेला तसेच. वधूवरांचे झाल्यावर लोक आपल्याही मनगटावर धागे बांधतील, तेव्हा दुसरा हात उभा करून कपाळापाशी धरायचा. हे धागे किमान तीन दिवस ठेवायचे असतात. मी त्याच रात्री आंघोळीआधी ते कात्रीने कापून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि सकाळी त्या आजीने माझे रिकामे मनगट हातात घेऊन नुसते पाहिले, काही बोलली नाही, आत जाऊन सुताचा गुंडा घेऊन आली. आपण ते कराडला पोहोचेपर्यंत राहू द्या, मग गाठी हाताने सोडवा, कात्री लावू नका.